पाणपाखरांचे मनोराज्य

उत्पत्तीच्या पुस्तकातील सृष्टिरचनेचा वृत्तांत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तथापि त्यातील एक बारकावा बहुधा आपल्या ध्यानी येत नाही. परमेश्वराने मासे आणि पाखरे वेगवेगळ्या दिवशी निर्माण केली नाहीत. पाण्यातील जीव आणि आकाशातील पक्षी ही दोन्ही पाचव्याच दिवसाची निर्मिती. मनुष्याचा जन्म त्यानंतरचा, सहाव्या दिवसाचा. म्हणजे पाणी आणि पाखरू यांचा संबंध आपल्याहून जुना आहे. आपण त्या घरात मागाहून आलेली माणसे आहोत.

पुढे दुसऱ्या अध्यायात परमेश्वराने पशुपक्षी आदामापुढे आणले, ते नावे ठेवण्यासाठी. नाव ठेवायचे तर आधी निरखून पाहावे लागते. आपल्या मराठी पूर्वजांनी हे काम किती मन लावून केले ते पाहा. चोचीच्या टोकाशी पिवळा आणि कपाळालगत तांबडा ठिपका असलेल्या बदकाला त्यांनी ‘हळदी-कुंकू’ म्हटले. पळीसारखी चोच पाण्यात डावीउजवीकडे फिरविणारा तो ‘चमचा’. बुडी मारून भलतीकडेच वर येणारी ती ‘टिबुकली’. लांब तांबड्या पायांचा ‘शेकाट्या’, कमळाच्या पानावरून चालत जाणारा ‘कमळपक्षी’, पंख पसरून खांबावर वाळत बसणारा ‘पाणकावळा’. ही नावे पुस्तकात बसून सुचलेली नाहीत. ती तळ्याच्या काठावर उभे राहून दिलेली आहेत. आज आमच्या किती मुलांना ही नावे ठाऊक असतील?

या प्रश्नावरूनच धारवाडातील आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एक खेळ निघाला. तो खेळ वाचकांच्या घरीही खेळता येण्याजोगा आहे, आणि त्याच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे, म्हणून त्याची हकीकत येथे सविस्तर देत आहे. खेळ असा : आपल्याला एक प्राणिसंग्रहालय उभारावयाचे आहे. खर्चाची चिंता नाही, जागेची अडचण नाही. अट एवढीच, की त्यात लहान पिंजरे नकोत. पाणथळ जागेवर उंच जाळी घालून असे भव्य पक्षिगृह करावयाचे, की माणूस आत शिरून पाखरांमधून चालत जाईल.

सुभाष रोडवरील मोजणी

मनोराज्य झाले तरी त्याला मापे हवीत. म्हणून एके दिवशी सकाळी, दुकाने उघडण्यापूर्वी, मुलांना घेऊन आम्ही सुभाष रोडवर गेलो. धारवाडकरांना या रस्त्याची ओळख करून द्यावयास नको. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, की १९३३ साली सुरू झालेल्या ‘मनोहर ग्रंथमाला’ या नामांकित कन्नड प्रकाशनसंस्थेचे ठिकाण याच रस्त्यावर आहे. तिच्या माळ्यावर, म्हणजे कन्नडमधील ‘अट्टा’वर, जी. बी. जोशी यांच्याभोवती लेखक मंडळी जमत आणि पुस्तकांची स्वप्ने रंगवीत. स्वप्न रंगविण्याची या रस्त्याला जुनी सवय आहे.

जगातील पहिल्या भव्य पक्षिगृहांपैकी एक अमेरिकेतील सेंट लुईस शहरी १९०४ सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारले गेले. त्याची लांबी २२८ फूट, रुंदी ८४ फूट आणि उंची ५० फूट. प्रदर्शन संपल्यावर शहराने ते विकत घेतले आणि त्यातूनच पुढे तेथील प्राणिसंग्रहालय जन्मास आले. ते अद्याप उभे आहे, आणि आता त्याच्या आत सुरूच्या जातीच्या वृक्षांची एक दलदल निर्माण केली आहे. २२८ फूट म्हणजे मोठ्या माणसाची सुमारे नव्वद पावले. मुलांनी ती मोजली आणि खडूने खूण केली. ८४ फुटांची रुंदी मोजावयास गेले, तेव्हा रस्ता संपून दुकानांच्या पायऱ्या लागल्या. “सर, म्हणजे दोन्ही बाजूंची दुकानेसुद्धा पिंजऱ्यात येतील!” असे एकजण म्हणाला, आणि सर्वांना माप कळले.

मग आपल्याच राज्यातील उदाहरण घेतले. म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय १८९२ साली महाराज चामराजेंद्र वाडियार यांनी स्थापिले. त्याच संग्रहालयाच्या ताब्यातील कारंजी तलावाच्या काठी असेच चालत जाण्याचे पक्षिगृह आहे : सुमारे ६० मीटर लांब, ५० मीटर रुंद, २० मीटर उंच, आत धबधबा आणि पाण्याची कुंडे. लांबीने ते सेंट लुईसपेक्षा थोडे कमी, परंतु रुंदीने जवळजवळ दुप्पट. मुंबईच्या भायखळ्यातील राणीच्या बागेतही, म्हणजे १८६२ साली खुल्या झालेल्या आणि आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बागेतही, २०२० सालापासून असे पक्षिगृह आहे. सिंगापूरने तर १९७१ सालचे आपले प्रसिद्ध जुरोंग पक्षिउद्यान २०२३ च्या आरंभी बंद करून त्याच वर्षी मंडाई येथे नवे पक्षिउद्यान उघडले; त्यातील एक संपूर्ण जाळीगृह रोहित आणि तांबड्या शराटी पक्ष्यांच्या पाणथळ प्रदेशाला वाहिलेले आहे.

पाण्याचे तीन थर

मापे ठरल्यावर खरे काम सुरू झाले. मुलांना प्रथम वाटले, की मध्ये एक तळे खणले आणि भोवती झाडे लावली की झाले. परंतु पाणथळ जागा म्हणजे नुसते पाणी नव्हे. एकाच तळ्यावर वीस जातींची पाखरे भांडणाशिवाय नांदतात, याचे कारण प्रत्येकाचे ताट निराळे असते. तुतवार आणि शेकाट्या चिखलात आणि वीतभर पाण्यात टोचतात. चित्रबलाक गुडघाभर पाण्यात अर्धवट उघडी चोच बुडवून चालतो आणि चोचीला मासळी लागली, की स्पर्शानेच ती पकडतो. पाणकावळा आणि टिबुकली यांना बुडी मारण्याइतके खोल पाणी हवे. म्हणून आमच्या तळ्याचा तळ आम्ही ताटासारखा सपाट न करता उतरता केला : एका कडेला चिखल, मध्ये उथळ पाणी, दुसऱ्या टोकाला पुरुषभर खोली.

त्यानंतर घरांचा प्रश्न. खंड्या झाडावर घरटे बांधीत नाही. तो मातीच्या उभ्या कड्यात बोगदा खणतो. त्याच्यासाठी सिमेंटची भिंत निरुपयोगी, मातीचा कडा राखला पाहिजे. जांभळ्या पाणकोंबडीला दाट बोरू हवा. सुगरणीला पाण्यावर झुकलेली फांदी आणि विणण्यासाठी लांब पात्याचे गवत हवे. टिबुकलीचे घरटे पाण्यावर तरंगते, म्हणून पाण्याची पातळी एकाएकी वरखाली होता कामा नये. ही टिबुकली घरट्यातून उठताना आपली अंडी शेवाळाने झाकून जाते, हे ऐकून मुली विशेष हरखल्या. कमळपक्ष्याच्या संसारात अंडी उबविणे आणि पिले सांभाळणे हे काम नराचे असते, हे ऐकून वर्गातील मुलगे थोडे गोरेमोरे झाले. भर उन्हात चित्रबलाक आपल्या पिलांवर पंखांची छत्री धरून तासन् तास उभा राहतो, तेव्हा मात्र दोन्ही पक्ष गप्प झाले.

माणसांची वाट कोठून काढावी यावर बराच वाद झाला. अखेर ठरले, की वाट पाण्यावरून लाकडी पुलासारखी एकाच बाजूने जावी आणि तळ्याचा निम्म्याहून अधिक भाग माणसाच्या पावलापासून दूर राहावा. पाखराला आपल्यापासून किती अंतरावर राहावयाचे हे त्याचे त्याला ठरविता आले पाहिजे. चालत जाण्याच्या पक्षिगृहातील सौजन्य ते हेच : जवळ यावयाचे की नाही याचा अधिकार पाहुण्याला नसून यजमानाला असतो.

प्रवेशाला दोन दारे, मध्ये लहान खोली. पहिले लागल्याखेरीज दुसरे उघडावयाचे नाही. मुंगूस आणि घूस जमिनीखालून बीळ काढतात, म्हणून जाळीचा पाया जमिनीत खोल नेला. इतक्या पाखरांची विष्ठा पाण्यात पडली, की ते हिरवे होऊन कुजते. म्हणून पाणी वाहते ठेवून ते बोरूच्या वाफ्यांतून गाळून परत आणण्याची योजना केली. नवे पाखरू आले, की त्याला प्रथम वेगळ्या जागी ठेवून त्याची प्रकृती पाहावयाची, हा नियम तर अत्यावश्यक. २०१६ सालच्या ऑक्टोबरात दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात पक्ष्यांच्या तापाची साथ शिरली, तीत चित्रबलाक दगावले आणि संग्रहालय बंद ठेवावे लागले. पुढच्या जानेवारीत म्हैसूरच्या संग्रहालयावर तीच पाळी आली. जाळी पाखराला आत ठेवते. रोगाला बाहेर ठेवीत नाही.

कोणाला आत घेऊ नये?

आता पाखरांची यादी. मुलांनी उत्साहाने प्रथमच पट्टकादंब हंस लिहिला. त्यांचेही बरोबरच होते. आपल्या शेजारच्या गदग जिल्ह्यात शिरहट्टीजवळ मागडी नावाचे तळे आहे. थंडीच्या दिवसांत हे हंस तेथे मोठ्या संख्येने उतरतात, दिवसा पाण्यावर विसावतात आणि आसपासच्या शेतांत चरतात. २०२४ साली या मागडी तळ्याला रामसर कराराच्या यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या मालिकेत, स्थान मिळाले. त्याच वेळी कर्नाटकातील अंकसमुद्र आणि अघनाशिनीचे मुखही त्या यादीत आले. महाराष्ट्रातील नांदूर मध्यमेश्वर २०२० साली या मालिकेत दाखल झाले होते.

परंतु हा हंस येतो कोठून? तिबेट आणि मंगोलिया यांसारख्या उंच प्रदेशांतून. वाटेत तो हिमालय ओलांडतो. सात हजार मीटरांहून अधिक उंचीवरून त्याने उड्डाण केल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केली आहे. त्याला आमचे वीस मीटरांचे आकाश आम्ही कोणत्या तोंडाने देणार? जाळी कितीही उंच केली तरी ती सात हजार मीटर होत नाही. मुलांनी स्वतःच हंसाचे नाव खोडले. त्यापाठोपाठ चक्रवाक खोडला, कारण तोही हिवाळी पाहुणा. यादीत उरली ती बारमाही राहणारी पाखरे, आणि तीही पंख मोडलेली किंवा चोरट्या व्यापाऱ्यांकडून सोडविलेली, ज्यांना पुन्हा रानात जगता येणार नाही अशी. देशी पाखरे पकडणे, विकणे आणि घरी पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. कारण आपल्या ख्रिस्ती घरांतही ओसरीवर पोपटाचा पिंजरा टांगलेला कधी कधी दिसतो, आणि तो टांगणाऱ्याच्या मनात प्रेमच असते.

मोशेच्या नियमशास्त्रात एक लहानशी आज्ञा आहे. वाटेत घरटे दिसले आणि पक्षीण पिलांवर वा अंड्यांवर बसलेली असली, तर पिलांसह आईला धरू नये. आईला जाऊ द्यावे, असे अनुवाद या ग्रंथात सांगितले आहे. ज्या ग्रंथात राजांचे आणि युद्धांचे नियम आहेत, त्याच ग्रंथात एका पक्षिणीसाठी जागा राखून ठेवली आहे. देवाच्या कायद्यात पाखराच्या आईपणाचाही मान ठेवलेला आहे.

जाळीचा प्रश्न

येथवर सर्व आनंदाचे झाले. नकाशा रंगवून तयार झाला. तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, तळे आहे, मासे आहेत, बोरू आहे, झाडे आहेत. माणसे दूर आहेत. मग जाळी कशासाठी? काढली तर पाखरे राहणार नाहीत का?”

या प्रश्नाचे उत्तर कल्पनेने द्यावयाचे कारण नाही. ते प्रत्यक्षात मिळालेले आहे. दिल्लीचे राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय १९५९ साली उघडले. तेथे तळी खणली होती आणि तळ्यांत बेटे करून त्यांवर झाडे राखली होती. थोड्याच काळात रानातील मुक्त चित्रबलाक आपण होऊन तेथे आले आणि बेटांवरील झाडांवर घरटी बांधू लागले. त्यांना कोणी पकडले नव्हते, कोणी आणले नव्हते. पिढ्यान् पिढ्या, पावसाळ्याच्या अखेरीस, ते तेथे येत राहिले. वर जाळी नाही, दार नाही.

आपल्याच राज्यातील मंड्या जिल्ह्यात कोक्करेबेळ्ळूर नावाचे गाव आहे. गावाच्या नावातच बगळ्यांचा उल्लेख आहे. तेथे चित्रबलाक आणि झोळीवाले पेलिकन घरांमागच्या चिंचेच्या झाडांवर घरटी करतात. खाली माणसांचा संसार, वर पाखरांचा. गावकरी त्यांना त्रास देत नाहीत. श्रीरंगपट्टणजवळचे रंगनतिट्टू १९४० साली अभयारण्य झाले, ते सलीम अली यांनी म्हैसूर दरबारचे मन वळविल्यामुळे. अंतराने आणखी जवळचे म्हणाल, तर हुबळीहून मुंडगोडच्या वाटेला अत्तिवेरी आहे. एका लहान धरणाच्या पाण्याभोवती पाखरांनी वसविलेले.

तेव्हा त्या मुलीला उत्तर असे : होय बाळ, राहतील. पाणी स्वच्छ असले, झाड उभे असले, दगड मारणारा हात खाली आला, तर पाखरू जाळीशिवाय राहते. जाळी ही पाखराला नको असते. ती आपल्याला हवी असते, कारण आपला स्वतःवर भरवसा नसतो.

याचा अर्थ पक्षिगृहे निरर्थक आहेत असा नव्हे. जायबंदी पाखराला ती आसरा देतात. शहरातील मुलाला चार हातांवरून चमच्याची चोच पाहावयास मिळते, आणि जे एकदा जवळून पाहिले त्याचा नाश सहजी पाहवत नाही. म्हैसूरचा कारंजी तलाव एके काळी सांडपाण्याने नासला होता. प्राणिसंग्रहालयाने त्याचे पुनरुज्जीवन केले, तेव्हाच तेथे पक्षिगृह शोभले. परंतु लंडनचे उदाहरणही विसरू नये. तेथील प्राणिसंग्रहालयात १९६५ साली लॉर्ड स्नोडन यांच्या नावाचे उंच पक्षिगृह मोठ्या कौतुकाने उघडले. आज त्या जाळीत पाखरे नाहीत; २०२२ सालापासून तेथे वानरे राहतात. जाळीतले तळे माणसाच्या मर्जीवर चालते. जाळीबाहेरचे तळे एकदा बुजले, की कोणाच्याही मर्जीने ते परत येत नाही.

आपल्या दारातील तळी

आणि येथे प्रश्न धारवाडच्या दारात येऊन उभा राहतो. मलनाड जेथे संपते आणि मोकळे माळरान जेथे सुरू होते, त्या सीमेवर आपले हे जोडशहर वसले आहे. आपल्याला केलगेरी आहे, साधनकेरी आहे, हुबळीच्या वाटेवर उणकल आहे. साधनकेरीच्या शेजारी कविवर्य द. रा. बेंद्रे राहत. कन्नडचे हे महाकवी घरी मराठी बोलत, आणि मराठीतही लिहीत. काळालाच त्यांनी उडत्या पक्ष्याचे रूप दिले. ज्या शहरात असा कवी तळ्याकाठी राहिला, त्या शहराने तळ्याकडे पाठ फिरवावी काय?

उणकलच्या पाण्यावर जलपर्णीचा हिरवा थर चढल्याचे दृश्य हुबळी-धारवाडकरांनी वारंवार पाहिले आहे. दुरून ते गवताचे कुरण वाटते. परंतु जलपर्णी माजते ती सांडपाण्यातील खतावर. ती पाण्याचा प्रकाश अडविते, प्राणवायू घटविते आणि मासे गुदमरवते. मासा गेला, की पाणकावळा जातो; पाणकावळ्यामागून खंड्या. पाचव्या दिवसाची ती दोन भावंडे एकमेकांवाचून राहू शकत नाहीत. आपण घरातून मोरीत जे सोडतो, ते कोठे जाते हा प्रश्न म्हणूनच केवळ नगरपालिकेचा नाही. तो आपल्या सदसद्विवेकबुद्धीचाही आहे.

पवित्र ख्रिस्तसभेने हे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. पाखरांना प्रवचन देणारे असिसीचे संत फ्रान्सिस यांना पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ साली पर्यावरणाची सेवा करणाऱ्यांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्र लिहिले आणि त्याच वर्षी १ सप्टेंबर हा सृष्टीच्या रक्षणासाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून नेमून दिला. परिपत्राचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर असे, की पृथ्वी हे आपल्या सर्वांचे घर आहे आणि तिची आर्त हाक व गरिबांची आर्त हाक या दोन निराळ्या हाका नाहीत. तळे नासले, की पहिला फटका बसतो तो तळ्यावर कपडे धुणाऱ्या आणि मासे धरणाऱ्या कुटुंबाला. पाखरे आणि ती कुटुंबे एकाच पाण्यावर जगतात.

वाचकांच्या कुटुंबांना शेवटी तीन लहान सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, हा खेळ घरी खेळा. मुलांना मोठा कागद द्या, तळे काढू द्या, प्रत्येक पाखराला कोणते घर हवे ते शोधू द्या. आणि नकाशा पुरा झाला, की त्यांना रबर द्या आणि जाळी पुसून काय काय बदलावे लागेल ते विचारा. दुसरी, येत्या हिवाळ्यात एका रविवारी मिस्सा झाल्यावर मुलांना केलगेरीला किंवा मागडीला न्या. सोबत खाऊ असेल, तर त्याच्या पिशव्या परत घरी आणा. पाखरांना पाव टाकू नका. त्यांचे ताट देवाने वाढून ठेवले आहे. तिसरी, आपल्या धर्मग्रामातील एखाद्या संघटनेने जवळच्या एका तळ्याची देखरेख आपलीशी करावी. वर्षातून एकदा फलक धरून उभे राहण्यापेक्षा दर महिन्याला काठावरचा कचरा उचलणे हे कमी दिसणारे परंतु अधिक टिकणारे काम आहे.

त्यासाठी दिवस शोधावयाचा, तर तो पंचांगात आधीच आहे. १९७१ साली २ फेब्रुवारीला रामसर येथे पाणथळ जागांचा करार झाला, म्हणून जगभर तो दिवस पाणथळ दिन पाळतात. आपल्या ख्रिस्तसभेत २ फेब्रुवारी हा प्रभू येशूच्या मंदिरातील समर्पणाचा सण. त्या दिवशी पवित्र मरिया आणि संत योसेफ बाळाला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात गेले. कोकरू देण्याची ऐपत नसलेल्यांना नियमशास्त्राने दोन पाखरांचे अर्पण नेमून दिले होते, आणि पवित्र कुटुंबाने तेच दिले. गरिबाच्या ओंजळीतील ती दोन पाखरे देवाने स्वीकारली. आज आपण त्याला काय द्यावे? पाखरे त्याचीच आहेत. ती उतरतील एवढे एक स्वच्छ तळे आपण राखून ठेवले, तर ते अर्पण तो नाकारणार नाही.